महिन्याला किती झेपेल

तिला सगळे सिस्टर म्हणत. घरीही सासू कधी कधी "सिस्टर, चहा टाका" म्हणायची, आणि स्वतःच हसायची. एकवीस वर्षं नर्सिंग केलेलं, त्यातली शेवटची सहा घरोघरी जाऊन. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या लघवीची नळी बदलायची. सीटखालच्या डिकीत सामान कोंबून स्कूटरवरून ती दिवसाला सात-आठ घरं करायची.

मग पेशंट मिळवून देणाऱ्या एजन्सीच्या बाईंनी सांगितलं, की गावाबाहेरच्या नव्या वसाहतींमधले पेशंट आता फक्त चारचाकी असलेल्यांना मिळणार. सोबत मशिनं न्यावी लागतात, स्कूटरवर जमत नाही. दर दीडपट. "तुमचा हात चांगला आहे म्हणून तुम्हाला आधी विचारतेय," बाई म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत सांगा."

सिस्टर तीन बँकांत गेली. तिन्हीकडे सुरुवात झकास झाली, आणि तिचा पॅन नंबर संगणकात टाकला की समोरचा चेहरा बदलला. चार वर्षांपूर्वी धाकट्या भावाने व्यायामशाळा काढली तेव्हा ती जामीन राहिली होती. व्यायामशाळा आठ महिन्यांत बसली, भाऊ परगावी गेला, आणि कर्ज थकलं ते हिच्या नावावर. तिसऱ्या बँकेतली मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मॅडम, माझं काही नाही हो. सिस्टीमच घेत नाही." मागच्या रांगेतल्या दोघांनी ते ऐकलं. सिस्टर कागद गोळा करून बाहेर पडली तेव्हा तिचे कान तापले होते. एक पैसा स्वतःवर उधळला नव्हता, आणि तोंड मात्र चोरासारखं लपवायचं.

जुन्या गाड्यांचं ते आवार हमरस्त्याला लागून होतं. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: "बँकेने नाही म्हटलं? आम्ही हो म्हणतो." रविवारी ती नवऱ्याला घेऊन गेली. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. यंत्र म्हटलं की आधी संशय घ्यायचा, हा त्याचा धंदाच.

तिथला माणूस चाळिशीचा, पायात पांढरेशुभ्र बूट. धुळीच्या आवारात दिवसभर फिरून ते पांढरे कसे राहत होते, देव जाणे. त्याने सिस्टरला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला, पाणी आणवलं.

"ताई, मागचं काही विचारत नाही मी. अडचण कुणाला येत नाही? तुम्ही फक्त एवढंच सांगा, महिन्याला किती झेपेल?"

वर्षभरात तिच्याशी पैशाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. "नऊ हजार," ती म्हणाली.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. नंतर तो कितीदा तरी म्हणाला, की खेळ तिथेच संपला होता. गाडीची किंमत काय, व्याज किती, हे विचारायच्या आधीच तिने आपला आकडा टेबलावर ठेवला होता.

राखाडी रंगाची छोटी गाडी होती ती. नवरा पाठीवर झोपून खाली शिरला आणि उठून बसला. "खाली ताजा रंग मारलाय. गंज झाकलाय. माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे, त्याला दाखवू. उद्या येतो आम्ही."

"जरूर दाखवा," पांढरे बूट म्हणाले. "फक्त चार वाजता दुसरी पार्टी येतेय या गाडीसाठी. आणि साहेब, एक विचारू? अगदी कोरी करकरीत हवी असेल तर मग शोरूममध्ये का नाही जात?"

आवाजात साखर होती, पण शब्द बरोबर लागला. नवऱ्याचे कान लाल झाले. सिस्टर उठली. "द्या कागद," ती म्हणाली. "अहो, राहू द्या ना आता."

स्कूटर बदल्यात दिली. हप्ता बसला आठ हजार नऊशे. "बघा, तुम्ही म्हणालात त्याहून शंभर कमीच," पांढरे बूट हसून म्हणाले. एकोणीस ठिकाणी सह्या झाल्या. एका कागदावर विमा होता, एकावर दुरुस्तीची हमी, एकावर "सुरक्षा उपकरण". प्रत्येक पान उलटताना त्याचं बोट नेमकं सहीच्या चौकटीशी असायचं, आणि तळहात मजकुरावर.

पहिले दहा दिवस मात्र सुखाचे गेले. सासू पुढच्या सीटवर बसून बाजारात जाऊन आली, आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात "दार हळू लाव गं" म्हणाली. सिस्टरने मागच्या सीटवर मशिनं, ड्रेसिंगचे डबे, धुतलेले ॲप्रन असं सगळं नीट लावलं. नव्या वसाहतीतले पाच पेशंट मिळाले.

अकराव्या दिवशी फोन आला. "ताई, जरा घोळ झालाय. फायनान्सवाल्यांनी पहिल्या कागदांना मंजुरी दिली नाही. नवे करावे लागतील."

नवे कागद म्हणजे हप्ता दहा हजार चारशे, आणि तोही चाराऐवजी साडेचार वर्षं.

"मग गाडी परत घ्या," सिस्टर म्हणाली. "माझी स्कूटर द्या."

"स्कूटर तर गेली हो. त्याच आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं."

तिने सही केली. अडला हरी, दुसरं काय. घरी सांगितलं नाही. नवऱ्याचं "मी म्हटलं नव्हतं का" ऐकायची ताकद तिच्यात नव्हती. जास्तीचे दीड हजार भरून काढायला ती रविवारचे पेशंट घेऊ लागली. नवऱ्याला म्हणाली, एजन्सीची सक्ती आहे.

पाचव्या महिन्यात गिअर अडकायला लागले. हमीचा कागद काढून पाहिला, तर हमी इंजिनाची होती, आणि गिअरबॉक्स म्हणजे इंजिन नव्हे असं खाली बारीक छापलेलं होतं. दुरुस्तीला चौदा हजार गेले. त्या महिन्याचा हप्ता राहिला. तिने फायनान्सच्या ऑफिसात फोन करून आठ दिवस मागितले. तिकडचा पोरगेला आवाज म्हणाला, "नोंद केलीय मॅडम." तिला वाटलं, झालं काम.

सहाव्या दिवशी दुपारी एका पेशंटचं ड्रेसिंग उरकून ती बाहेर आली आणि किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. साधी घरघरही नाही. फक्त डॅशबोर्डखाली कुठेतरी एक लाल टिपका लुकलुकत होता. तो दिवा असतो हेच तिला माहीत नव्हतं.

पुढचं घर अकरा किलोमीटरवर. तिथल्या आजोबांची नळी सकाळपासून तुंबली होती. आजींचा फोन आला, "सिस्टर, निघालात ना? यांचं पोट दगडासारखं झालंय."

"निघालेच," ती म्हणाली, आणि फायनान्सला फोन लावला. हप्ता न भरल्यामुळे गाडी सुरक्षा उपकरणातून बंद केली आहे. पैसे भरल्यावर चालू होईल. आज भरले तर उद्या सकाळी. मग तिने पांढऱ्या बुटांना फोन लावला.

"मॅडम, ते माझ्या हातात नाही." ताईची मॅडम कधी झाली होती कोण जाणे. "उपकरणाच्या कागदावर तुमची सही आहे."

त्या वसाहतीत रिक्षा मिळायला पाऊण तास गेला. तीही अर्ध्या वाटेवरच सोडणारी. आजींचे सात फोन येऊन गेले. आठवा तिने उचलला नाही, कारण काय सांगायचं ते संपलं होतं. ती धापा टाकत दारात पोचली तेव्हा घराला कुलूप होतं. शेजाऱ्याने आजोबांना आपल्या गाडीत आडवं घालून हॉस्पिटलात नेलं होतं. ते वाचले, पण जंतुसंसर्ग रक्तात गेला आणि सोळा दिवस काढावे लागले. एजन्सीच्या बाई तिला ओरडल्या नाहीत. "हात चांगला आहे तुमचा," त्या पुन्हा म्हणाल्या, "पण वेळेवर पोचला तर ना," आणि यादीतून नाव काढलं.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं कळलं. दुसरे कागद, रविवारचं खोटं, सगळं. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "गाडीचं नाही गं. माझ्यापासून लपवलंस?" आणि महिनाभर तो गरजेपुरतंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढचे दोन हप्तेही गेले नाहीत. एका सकाळी दोन माणसं आली, गाडी उचलून घेऊन गेली. मागच्या सीटवरचे ॲप्रन तरी काढून घेऊ का, असं ती विचारत होती. एकजण म्हणाला, "अर्ज करा." लिलावात गाडी सत्तर हजारांना गेली. पत्र आलं, की उरलेले दोन लाख पंच्याहत्तर हजार सिस्टरने भरायचे आहेत.

ती वकिलाकडे गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळी पानं वाचली. "फसवणूक सिद्ध करायची तर खोटं दाखवावं लागतं, बाई. यात त्यांनी एकही गोष्ट खोटी लिहिलेली नाही."

"पण तो बोलला होता..."

"बोलला. खोटं ते फक्त बोलतात. लिहितात सगळं खरं." त्यांनी फी घेतली नाही. एवढाच काय तो फायदा.

महिन्याला सहा हजारांवर तडजोड झाली. आता ती एका नर्सिंग होममध्ये आहे, पगार आधीपेक्षा कमी. नसलेल्या गाडीचे हप्ते अजून चव्वेचाळीस राहिलेत.

मध्यंतरी सुट्टीच्या दिवशी ती आजोबांकडे गेली. माफी मागायची होती. आजींनी दार अर्धंच उघडलं. त्यांना पाहून ती तोंडपाठ केलेलं सगळं विसरून गेली. "आजोबा कसे आहेत?" एवढंच निघालं.

"बरे आहेत. तुमच्या गाडीचं कळलं आम्हाला. वाईट झालं," आजी म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "पण ते सारखं विचारत होते हो, सिस्टर कुठवर आली. मी दर वेळी सांगत होते, आलीच, वळणावर आहे. दोन तास सांगत होते."

आतून आजोबांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

आजींनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"कोणी नाही," त्या आत वळून म्हणाल्या. "घर चुकलंय त्यांचं."

आणि दार लावून घेतलं. आवाज न करता, अगदी हलक्या हाताने.