दोन रेघा

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. तीस सेंटिमीटर लांब, शिसवी, एका कडेला पितळेची धार बसवलेली. माझे पहिले सात आकडे बोटांनी पुसून गेले आहेत. मित्रांनो, ती बोटं कुणाची होती, हे कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही. म्हणून मला बोलावं लागतं आहे.

नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांनी दाराच्या चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून मला करून घेतलं. त्यांच्या टेबलावर मी रेल्वेचे रूळ आखले, गावांच्या हद्दी आखल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं ते एका होतकरू कादंबरीकाराशी. वडिलांनी मला तिच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवलं. लेखकाच्या घरी पट्टी लागतेच, असं त्यांना वाटलं असावं. लेखकाच्या घरी खरं तर पट्टी कुणाला लागत नाही. पण या घरी लागली.

लेखकाचे संपादक तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनी म्हणते. लेखक मोठ्या कागदांवर एका बाजूने लिहीत. त्यांचा हात चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण त्यांना एक खोड होती. त्यांना थांबता येत नसे. प्रकरणात जे घडायचं ते घडून जाई, तरी ते लिहीतच राहत. मग कुणी तरी उसासा टाकी, आकाशात ढग जमत आणि शेवटी आयुष्याबद्दल एक वाक्य येई. पाहुणे उठले तरी उंबऱ्यात तासभर बोलत राहावेत, तसं.

दुपारची आवराआवर झाली की वहिनी हात पुसून टेबलाशी येत. मला शेवटच्या ओळीवर आडवी ठेवत आणि एकेक ओळ झाकत वर सरकवत. प्रत्येक ओळीला थांबून, वर जे उरलं ते मनात वाचत. कुठे तरी हात थांबे. तिथे माझ्या आधाराने त्या पेन्सिलीने एक रेघ मारत. एक रेघ म्हणजे प्रकरण संपलं. दोन रेघा म्हणजे कादंबरी संपली. रेघेखालचं सगळं रद्द, असा त्या घरचा रिवाज पडला.

पहिल्याच कादंबरीतलं सांगते. बाप मुलीला बसस्थानकावर सोडायला येतो. तिच्या पिशवीचा बंद तुटलेला असतो. तो गाठ मारून पिशवी तिच्या हातात देतो. त्यापुढे लेखकांनी बापाच्या दुःखाच्या अकरा ओळी लिहिल्या होत्या. वहिनींनी मला अकरा ओळी वर सरकवलं आणि रेघ मारली.

लेखक चिडले. "मग वाचकाला कळणार कसं, बापाला वाईट वाटलंय ते?"

"गाठ मारली ना त्यानं," वहिनी म्हणाल्या. "कळतं."

ती गाठ गाजली. लोक पत्रांतून त्या गाठीबद्दल लिहू लागले. त्या अकरा ओळींबद्दल कुणीच काही लिहिलं नाही.

मग साप्ताहिकाचे संपादक आले. दर आठवड्याला एक प्रकरण हवं आणि प्रत्येकाच्या शेवटी वाचक लटकला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. दार वाजलं, पत्र आलं, दिवा गेला, असं काही तरी. लेखक लगेच तयार झाले. वहिनींनी एवढंच सांगितलं की, दर आठवड्याला दार वाजवलं तर माणसं दार उघडायची थांबतील. आणि दोन प्रकरणांमधली कोरी जागा वाचकाची असते, तिथे आपण पाय पसरू नयेत. संपादक हसले; पण चार आठवड्यांनी वाचकच कंटाळले, तेव्हा वहिनींच्या रेघेपर्यंतच निमूटपणे छापू लागले.

लेखक मोठे झाले. एकदा एक मुलाखतकार घरी आले. प्रकरण नेमकं कुठे तोडायचं हे तुम्हाला कळतं कसं, असं त्यांनी विचारलं. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. मी टेबलावर होते, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकला.

"तो कान असतो, शिकवून येत नाही," लेखक म्हणाले. "प्रकरणच मला सांगतं, आता संपलं म्हणून."

घरातलं कुणी आधी वाचतं का, असं मुलाखतकारांनी विचारलं.

"ही? हिला कुठला वेळ? माझी पट्टी तेवढी जागेवर ठेवते."

माझी पट्टी, म्हणे! वहिनींनी कप ठेवले आणि आत गेल्या. एक थेंब सांडला नाही. सांडला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पुढच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. त्यांनी मला शेवटच्या ओळीखाली ठेवलं, तिथेच रेघ मारली आणि कागद परत केले. छान आहे म्हणाल्या. सतरा प्रकरणं झाली, मला एक ओळही वर सरकवलं नाही. लेखक खूश. आता आपल्याला साधलं, असं त्यांना वाटलं. पुस्तक आलं आणि वाचकांनी अर्ध्यावर मिटलं. संपादक आडवळणाने पाल्हाळ म्हणाले. लोक तोंडावर म्हणाले.

लेखक स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. "तू मला सांगितलं का नाहीस?"

"मला कुठला वेळ?" वहिनी म्हणाल्या.

लेखकांना तेव्हा सगळं कळलं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. माफी मागायला एक वाक्य पुरलं असतं. पण अकरा ओळी लिहिणाऱ्या माणसाला ते एक वाक्य सुचलं नाही.

तरी वहिनी वाट पाहत थांबल्या. त्या गाठीच्या कादंबरीची नवी आवृत्ती निघणार होती आणि लेखक तिला प्रस्तावना लिहीत होते. वहिनींना त्या प्रस्तावनेत एक ओळ हवी होती. तोंडाने त्यांनी ती मागितली नाही. प्रस्तावना छापून तपासायला आली त्या दिवशी लेखक सत्काराला गेले होते. वहिनींनी मला पानावर ठेवलं आणि या वेळी वरून खाली सरकवू लागल्या. संपादकांचे आभार. मुखपृष्ठवाल्याचे आभार. चष्मा करून देणाऱ्याचेसुद्धा आभार. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचा हात आशेने जात होता. मला तो कळत होता. खाली नुसती तारीख होती.

त्यांनी कोरा कागद घेतला. 'धाकटीकडे राहायला जाते आहे. चष्म्याची फुटलेली काच बदलून आणली आहे, वरच्या खणात आहे.' धाकटी म्हणजे त्यांची बहीण. मग त्यांनी मला कागदाला टेकवलं आणि रेघा मारल्या. दोन.

मी त्यांच्या माहेरची. मला वाटलं, आता आपणही ट्रंकेत जाणार. त्यांनी मला क्षणभर हातात धरलं, वजन पाहावं तसं. मग कागद उडू नये म्हणून त्यावर ठेवून दिलं. हे मला आजही लागतं.

लेखक संध्याकाळी हार हातात घेऊन आले. त्यांनी चिठ्ठी वाचली. मग काय करावं? वहिनी करत तसं मला खालच्या वाक्यावर ठेवून ते झाकलं. उरलं ते वाचलं. मला काढलं, पुन्हा वाचलं. बराच वेळ ते कापायची जागा शोधत राहिले.

"एकही शब्द जास्त नाही," ते रिकाम्या घराला म्हणाले. वहिनींची एवढी स्तुती त्यांनी त्या घरात पहिल्यांदाच केली होती. मग त्यांचं बोट खालच्या रेघांवरून फिरलं, एकीवरून, मग दुसरीवरून, आणि ते खुर्चीत बसले.

मित्रांनो, पट्टी जपून वापरा, असं मी सांगणार नाही. लाकूड टिकतं. पण तुमच्या कामातलं नको ते जो माणूस झाकतो, त्याचं नाव झाकू नका. हे सांगणंही जास्तीचंच झालं, हे मला ठाऊक आहे. वहिनी इथे असत्या तर त्यांनी मला त्या खुर्चीपाशीच थांबवलं असतं.