कॉनीची गोळी

उत्तनमध्ये कॉनीच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. गिऱ्हाईक पापलेटाचे कल्ले उघडून नाक मुरडायला लागलं, की ती त्याला सगळ्या बाजारासमोर गार करायची. स्वतःच्या दुखण्याचं मात्र तिने कधी कुणाला नाव सांगितलं नाही.

"अवो, ती गोळी आणा," एवढंच ती नवऱ्याला म्हणायची.

मॅन्युएलला तेवढं पुरायचं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्याने बोट मुलाच्या, लेस्लीच्या हाती दिली होती. तो घरी बोंबील वाळवायचा आणि कॉनी सकाळीच पाटी घेऊन भाईंदरच्या बाजारात जाऊन बसायची. तिथल्या संडासात पाय ठेववत नसे. म्हणून ती दुपार टळेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे. मग लघवीला जळजळ व्हायची, ओटीपोटात कळा यायच्या. पहिल्यांदा शेजारणीने आपल्याकडच्या उरलेल्या गोळ्या दिल्या होत्या. दोन गोळ्यांत आराम पडला आणि कॉनीला औषध सापडलं.

"एकदा डॉक्टरला दाखवू या," मॅन्युएल म्हणाला होता.

"आणि काय सांगू? चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर बसतो तो. न्हाय, मला न्हाय जमायचं."

मॅन्युएलने विषय सोडला. तो गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात घालून औषधाच्या दुकानात जायचा. काउंटरवरचा पोरगा पाकीट बघून हसायचा, "अंकल, वही वाली?" आणि नवं पाकीट पुढे सरकवायचा. कुणाला, कशासाठी, हे त्याने कधी विचारलं नाही. मॅन्युएललाही ते बरंच वाटायचं. घरी आला की तो कॉनीसमोर पाण्याचा तांब्या धरून उभा राहायचा. बायकोसाठी आपण एवढं तरी करतो, असं त्याला वाटायचं. बरं वाटलं की कॉनी उरलेल्या गोळ्या डब्यात टाकायची, पुढच्या वेळेला.

यंदा गणपतीनंतर जळजळ परत आली, पण गोळीने उतार पडेना. दुकानातल्या पोराने "ये स्ट्राँग है" म्हणत दुसरी दिली. तिनेही काही झालं नाही. कॉनी हुडहुडी भरून कुडकुडू लागली, कंबर धरून विव्हळू लागली. तरी म्हणे, "उद्या उतरंल." सून कॅरेनने मात्र ऐकलं नाही. रिक्षा बोलावून तिने सासूला थेट इस्पितळात नेलं.

तिथे डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने कॉनीचा हात हातात घेतला, हळू आवाजात सगळं विचारलं, आणि कॉनीने सगळं सांगितलं. डॉक्टर गेल्यावर ती मॅन्युएलकडे बघत म्हणाली, "बाईमाणूस हाय. हिला सांगता आलं असतं."

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरने मॅन्युएलला बाजूला घेतलं.

"काका, या गोळ्या याआधी किती वेळा घेतल्या होत्या?"

मॅन्युएल आठवू लागला. गेला नाताळ, त्याआधीचा ईस्टरपूर्वीचा उपासकाळ, लेस्लीचं लग्न...

"अशा अर्धवट गोळ्यांना हे जंतू सरावलेत, साध्या औषधांना आता दाद देत नाहीत," ती म्हणाली. "मोठं इंजेक्शन सुरू केलंय. पण विष रक्तात पसरलंय, उशीर झालाय." तिने त्याला दोष दिला नाही. दिला असता तर त्याला सोपं गेलं असतं.

कॉनी नंतर बोलली ती बरळण्यातच. बर्फ वितळतोय, मासळी झाका, म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी तेही थांबलं.

कॉनीला जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्सानंतर, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, बाजारातल्या बायका घरी आल्या होत्या. कॉनीच्या शेजारी बसणारी दुर्गा सगळ्या निघाल्या तरी दारात घुटमळत राहिली.

"मॅन्युएलदादा, त्या गोळीचं नाव काय वो? कॉनी मला द्यायची आपल्यातली. मला पुन्हा तसंच होतंय."

मॅन्युएल घाईघाईने म्हणाला, "ती घेऊ नको गं. डॉक्टरकडं जा."

"तिथं काय सांगू?" दुर्गा खाली बघत म्हणाली.

मॅन्युएलने कॅरेनला हाक मारली. "हिला त्या डॉक्टर मुलीकडं घेऊन जा. आत्ताच. मी तुझ्या पोराला बघतो."

कॅरेनने दुर्गाचा हात धरला आणि दोघी फाटकातून बाहेर पडल्या. दुर्गाने पदर डोक्यावरून ओढून घेतला होता, कुणी ओळखू नये म्हणून. मॅन्युएल नातवाला कडेवर घेऊन त्या वळणाआड होईपर्यंत बघत राहिला. एकदा तरी आपण असं हाताला धरून कॉनीला नेलं असतं, तर तिने शिव्या दिल्या असत्या, पण ती आली असती. आली असती, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं.