काचेवरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात हृदयाच्या ऑपरेशनला मला लावतात. छाती उघडल्यावर सांडलेलं रक्त मी ओढून घेते, गरगर फिरवून धुते आणि त्यातल्या तांबड्या पेशी त्याच माणसाला परत देते. ज्याचं त्याला. मला काही वाटत नाही. मनाला लावून घेतलं असतं तर पंधरा वर्षं निभावलं नसतं.

सुरुवातीला काय ते माझं कौतुक! मग नवी मशीन आली आणि मी गेले स्टोअरमध्ये, चादरीखाली. तिथं माझी आठवण फक्त झाडलोट करणाऱ्या धोंडुबाईंना. गेल्या खंडेनवमीला त्यांनी मला झेंडूची माळ घातली, झाकण उघडलं आणि आतल्या काचेवर कुंकवाचं बोट ओढलं. ती काच म्हणजे माझा डोळा. भांडं किती भरलं ते मी तिथूनच बघते. त्यांना बिचारीला काय ठाऊक?

दसरा झाला आणि नव्या मशीननं मान टाकली. टेबलावर नेसरीचे पिराजी. रक्त द्यायला गावची माणसं जीप भरभरून आली होती, पण पिराजींचा रक्तगट इतका दुर्मीळ की एकाचंही जुळेना. वाचवायचं तर त्यांचंच रक्त हवं. मला घाईनं बाहेर काढलं, वरून पुसलं आणि जोडलं.

रक्त येऊ लागलं आणि मी थांबले. मला सगळं तांबडंच दिसत होतं. भांडं रिकामं असून "भरलं, भरलं" म्हणून मी कोकलत राहिले. पिराजींचा रक्तदाब उतरत चालला.

संयोगिता सिस्टरनी झाकण उघडलं. "अगं बया, कुंकू हाय की हितं!" त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं काच पुसली. मग तोवर वरच्या टाकीत साठलेलं सगळं रक्त मी धुतलं आणि परत दिलं. दहाव्या दिवशी पिराजी चालत घरी गेले. मला आनंद झाला नाही, दुःखही नाही.

धोंडुबाईंना कुणी बोललं नाही, पण कळायचं ते त्यांना कळलं. वर्षभर त्या माझ्याकडे न बघता फरशी पुसत होत्या.

यंदाच्या खंडेनवमीला लिफ्टलासुद्धा माळ होती. धोंडुबाई माझ्याकडे आल्या त्या रिकाम्या हातानं. हळूच झाकण उघडलं.

"पूजा न्हाय करत बाई तुजी. नुसतं पुसतो."

काच स्वच्छच होती. तरी त्या कितीतरी वेळ पुसत राहिल्या.

मित्रांनो, माळ नसली तरी आमचं चालतं. पुसायला तेवढं कुणीतरी यावं.