बशीएवढा नेम

दर शुक्रवारी सकाळी, अमिरातीतलं सगळं अल ऐन शहर सुट्टीची झोप काढत असताना, डॉक्टर मृणालिनी खरे पोत्यावर नेम धरायला जायची. गवत ठासून भरलेलं पोतं, त्यावर चहाची बशी उपडी ठेवून खडूनं आखलेला गोल, आणि हातात डार्टची रायफल. जनावर हाताशी येत नसलं की भुलीच्या औषधाचा सुईवाला डार्ट या रायफलीतून लांबूनच मारतात. सरावाच्या डार्टमध्ये औषधाऐवजी नुसतं पाणी असायचं. तिचा नवरा सदानंद म्हणायचा, "लोक सुट्टीला बीचवर जातात, आमची ही पोत्याचा जीव घ्यायला जाते."

नियम तिनं स्वतःच घातला होता. उभं राहून, कशाचाही टेकू न घेता, सगळेच्या सगळे डार्ट बशीत बसतील ते अंतर आपलं. एक जरी बाहेर गेला तरी ते आपलं नाही, मुकाट्यानं पुढे यायचं. त्या हिशेबानं तिचं अंतर पंचवीस मीटर होतं. जीपच्या खिडकीवर वाळूची पिशवी ठेवून रायफल टेकवली तर चाळीस. पंचवीस म्हणजे तिच्या घराच्या गॅलरीपासून समोरच्या मशिदीबाहेरच्या पाण्याच्या कूलरपर्यंत. रोज कपडे वाळत घालताना ती तेवढं अंतर बघून घ्यायची, त्यामुळे ते तिच्या डोळ्यांत पक्कं बसलं होतं.

या पंचवीसची सगळ्यात जास्त थट्टा करायचा तो इस्टेटचा मॅनेजर सूर्यकांत इंगवले. इस्टेट म्हणजे अल ऐनबाहेरची एका बड्या अरबाबाची खासगी जागा. इकडे मालकाला अरबाब म्हणतात. तारेच्या कुंपणाच्या आत गाफची झाडं, खजुराची बाग, आणि अरबाबानं हौसेनं पाळलेला चितळांचा कळप. मृणालिनी तिथली जनावरांची डॉक्टर. इंगवले कोल्हापूरकडचा, मिशीला पीळ देऊन बोलणारा. त्याच्या आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी इस्टेटवर सगळ्यांना तोंडपाठ होत्या. इस्टेटवर एकच खरी रायफल होती, जायबंदी जनावराला यातनांतून सोडवण्यासाठी, आणि ती इंगवलेच्या ताब्यात असायची.

"वहिनी, पंचवीसवरनं काय मारायचं?" तो म्हणायचा. "तेवढ्यावरनं वांगं फेकून मारलं तरी लागतंय. आमच्यात ऐंशीवर उभ्या उभ्या सांबर पाडायचे. रक्तातच आहे ते."

"तुमच्या रक्तात असेल इंगवलेसाहेब. माझ्या पोत्यात नाही," ती म्हणायची आणि बशी उचलून निघायची.

ते नव्याण्णव साल होतं आणि जून लागला होता. खजुराच्या घडांना पाखरांनी टोचू नये म्हणून नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या बांधतात. त्यातली एक पिशवी वाऱ्यानं सुटून खाली पडली, आणि कळपातल्या मोठ्या नरानं, कुतूहल म्हणा नाहीतर हावरटपणा म्हणा, तिच्यात तोंड घातलं. डोकं झटकलं तशी पिशवी वरून शिंगांत अडकली आणि खालून तोंडाभोवती आवळली. त्याला ना चरता येईना, ना पाणी पिता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत बिचाऱ्याचं पोट खपाटीला गेलं होतं.

त्यावर इस्टेटच्या माणसांनी जे केलं ते ऐकून मृणालिनीचं डोकंच फिरलं. ती येईपर्यंत दम न धरता त्यांनी दोन जीपा काढल्या आणि नराला पकडायला सकाळभर पिटाळलं. आता लांबवर इंजिनाचा आवाज आला तरी तो उधळत होता. म्हणजे जीप गेली, जीपबरोबर वाळूची पिशवी गेली आणि चाळीस मीटरही गेले.

"कुणी सांगितलं होतं हे शहाणपण करायला?" तिनं इंगवलेला विचारलं.

"मीच," इंगवले म्हणाला. "अरबाबचा फोन आला होता हो. यल्ला, यल्ला, जल्दी करो. मग काय करणार?"

भर उन्हात भूल दिली तर अंग तापून जनावर हमखास मरतं, म्हणून ऊन उतरेपर्यंत थांबणं भाग होतं. दुपारी अरबाबाचा पुन्हा फोन आला. मोबाइल इंगवलेच्या कानाला होता, पण आवाज मृणालिनीलाही ऐकू येत होता. मगरीबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळतानाच्या नमाजापर्यंत, डॉक्टरनं करून दाखवावं. नाही जमलं तर मगरीबची अजान झाली की सूर्यकांतनं गोळी घालावी आणि खलास. आणखी एक रात्र त्याला तहानेनं तडफडत ठेवायचं नाही. हे म्हणणं चुकीचं होतं असं मृणालिनीला मुळीच वाटलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. हा नर दोन वर्षांचा असताना विमानाच्या खोक्यातून इथे उतरला, तेव्हा त्याला पहिलं पाणी तिनंच पाजलं होतं. तो जगायलाच हवा होता. तिनं मनाशी तेवढंच धरलं आणि डार्ट भरायला घेतले.

ऊन कलल्यावर ती पायीच निघाली. मागे इंगवले, त्याच्या खांद्यावर खरी रायफल. नर कळपापासून बाजूला, एका गाफखाली मान खाली घालून उभा होता. ती वाऱ्याची दिशा बघत, थांबत थांबत पुढे सरकली. गॅलरीपासून कूलर, आणि कूलरच्या पुढे पुन्हा अर्ध्याहून जास्त, एवढं अंतर उरलं तेव्हा नरानं मान वर केली.

"मारा," इंगवले मागून कुजबुजला. "चाळीसच तर आहे."

तिनं रायफल खांद्याला लावली. नळी नराच्या मांडीवरून पोटावर गेली, पोटावरून पुन्हा मांडीवर आली. नळी फिरत होती तेवढ्याला बशी पुरली नसती, आख्खी परात लागली असती. मांडीच्या जाड मांसात डार्ट बसला तर भूल, पोटात घुसला तर आतडं फाटून मरण. तिनं रायफल खाली घेतली. नर उड्या मारत लांब गेला.

"अहो, का नाही मारला?"

"माझं अंतर नव्हतं ते."

"वहिनी, जनावर मरतंय आणि तुम्ही फूटपट्टी काय लावताय?"

तिचा संताप झाला. पण पुढच्या खेपेलाही तेच झालं. नर पुन्हा तेवढ्याच अंतरावर सावध झाला, तिची नळी पुन्हा पोटावर गेली, आणि या वेळी तर बोट घोड्यावर टेकलंसुद्धा होतं. एकदा दाबून टाकावं, सुटले, असं तिला अगदी मनापासून वाटलं. बसला तर बसला. नाही बसला तर इंगवलेची गोळी आहेच. या शेवटच्या विचारानं ती शुद्धीवर आली, आणि तिनं रायफल खाली घेतली. सूर्य खजुरांच्या शेंड्यांना लागला होता.

तेवढ्यात शहजादी दिसली. इस्टेटवरची ही म्हातारी सांडणी, काम काही नाही आणि तोरा मात्र राणीचा. दिवसभर ती मोकळी हिंडायची. आताही ती कळपाच्या अगदी मधून चालली होती आणि एकाही चितळानं तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. चितळांच्या लेखी ती म्हणजे चालतं झाडच.

मृणालिनी रायफल घेऊन तिच्याकडे गेली. अडचण एकच होती. गेल्या महिन्यात शहजादीच्या मानेवरचं गळू मृणालिनीनं फोडलं होतं आणि वर इंजेक्शनं ठोकली होती. उंटाची जात असला हिशेब विसरत नाही. तिला बघताच शहजादीनं ओठ वर करून पिवळे दात दाखवले. मृणालिनीनं औषधाच्या वासाचा कोट काढून वाळूत टाकला आणि कमीजच्या खिशातले खजूर पुढे केले. ऑफिसातल्या काहव्याच्या, म्हणजे अरबी कॉफीच्या, किटलीशेजारच्या वाटीतून सकाळी मूठभर उचलले होते, तेच तिचं दुपारचं जेवण व्हायचं होतं. शहजादीनं जरा विचार केला आणि खजूर घेतले.

"वहिनी, उंटीण घेऊन कुठं निघालात?" इंगवलेनं मागून विचारलं.

"फिरायला," ती म्हणाली.

शहजादीच्या पलीकडच्या अंगानं, तिच्या पायांबरोबर पाय टाकत, तिच्या गळ्यातली दोरी सैल धरून मृणालिनी नराच्या दिशेनं निघाली. एक खजूर दिला की सांडणी थोडं चालायची. संपला की थांबायची आणि मान वळवून तिच्या खिशाकडे बघायची. असा अर्धा माळ सरला. नर गाफखाली उभा होता. पिशवीतून त्याचा श्वास घरघरत येत होता. तिचं चाळीसचं अंतर मागे पडलं, तरी त्यानं मान वर केली नाही.

आणि तिथून थोडं पुढे गेल्यावर शहजादी थांबली. खिशात आता एकच खजूर उरला होता. मृणालिनीनं अंदाज घेतला. गॅलरीपासूनच्या कूलरपेक्षा नर अजून लांबच होता. चार-पाच मीटर जास्त असतील, पण जास्त होते. सांडणीच्या पाठीवर रायफल टेकवावी असा मोह झाला, पण शहजादी रवंथ करत होती आणि तिचं सगळं अंगच हलत होतं. टेकू म्हणून ती अगदीच बिनकामाची होती.

तेवढ्यात लांबच्या मशिदीतून मगरीबची अजान सुरू झाली.

मृणालिनीनं मागे पाहिलं. इंगवले उघड्या वाळूत उभा होता, नरापासून ऐंशीवर तर सहजच. त्यानं रायफल खांद्याला लावली होती. जवळपास ना झाड, ना दगड, ना जीप.

"वहिनी, बाजूला व्हा! वेळ झाली!"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"ऐका माझं! अरबाबनं सांगितलंय! उद्या त्यांना मी काय तोंड दाखवू?"

शहजादीला घेऊन ती दोन पावलं डावीकडे सरकली. आता इंगवले आणि नर यांच्यामध्ये एक सांडणी होती आणि एक डॉक्टर होती. गोळी घालायची तर आधी या दोघींचं काय करायचं ते त्यानं ठरवावं. तिला भीती वाटली नाही असं नाही. पण हलायचं नाही हे ठरलं होतं.

शेवटचा खजूर तिनं शहजादीच्या नाकापुढे धरला आणि दिला नाही. हात पुढे पुढे नेत राहिली. सांडणीनं रागानं गुरगुर केली, मान ताणली, आणि अखेर पाय उचलला. आणखी एक. आणखी एक. गाफखालची सावली जवळ आली. कूलरएवढंच अंतर उरलं. तिनं खजूर सोडला, दोरी सोडली, शहजादीच्या मानेखालून बाहेर पाऊल टाकलं आणि रायफल उचलली. नळी हलत होती, उभ्या माणसाची हलतेच. पण ती मांडीच्या आतच हलत होती, बशीच्या काठाच्या आत. तिनं श्वास सोडला आणि घोडा दाबला.

फट्ट असा लहानसा आवाज झाला. डार्टच्या शेपटाचं लाल फुलपाखरू मांडीवर नेमकं बसलं. नर उधळला, कुंपणाच्या दिशेनं पळाला, हळूहळू त्याचे पाय जड झाले आणि तो वाळूत बसला.

मग धावपळ उडाली. मृणालिनीनं त्याच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला, मान वर धरली. कात्रीनं पिशवी कापून काढली. इंगवलेनं न सांगता पाण्याचे कॅन आणून नराच्या अंगावर ओतले. उताऱ्याचं इंजेक्शन दिल्यावर सगळे लांब जाऊन उभे राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग नराचे कान हलले. तो धडपडत उठला, झोकांड्या खात हौदापर्यंत गेला आणि तोंड पाण्यात बुडवून प्यायला लागला. तो किती वेळ पीत होता! मृणालिनीला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

अरबाबाचा फोन आला. इंगवलेनं सगळं सांगितलं आणि मोबाइल तिच्याकडे दिला. "शाबाश, डॉक्टर! कितनी दूर से मारा?" अरबाबानं विचारलं.

"पच्चीस मीटर से."

पलीकडे मोठं हसू फुटलं. "बस? इतना पास से तो मेरा छोटा बेटा भी मार देगा!"

"हां अरबाब," ती म्हणाली. "इसीलिए लगा."

फोन ठेवून ती वळली. इंगवले वाळूत उकिडवा बसला होता. त्यानं रायफलीतल्या गोळ्या काढल्या आणि एकेक खिशात टाकल्या. मिशी पार खाली आली होती.

"तुमच्यावर ओरडलो. चुकलं," तो म्हणाला. "पण तुम्ही मध्ये आलात ते बरं झालं. वाचलो."

"तो वाचला. तुम्हाला काय झालं होतं?"

इंगवलेनं रायफल वाळूत आडवी ठेवली. "आजोबा मचाणावर बसून मारायचे. कठड्यावर बंदूक टेकवून. मीही आयुष्यात जे दोन-चार बार टाकले ते टेकवूनच. उभ्यानं कधी मारलंच नाही. मघाशी रायफल उचलली, तर वहिनी, नळीपुढं कधी नर दिसत होता, कधी कुंपण, आणि एकदा..." त्यानं खिशातल्या गोळ्या पुन्हा चाचपल्या. "एकदा तुमच्या ओढणीचा काठ दिसला."

मृणालिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तीही त्याच्या शेजारी वाळूत बसली. हौदावर नर अजून पीत होता. पलीकडे शहजादी मृणालिनीच्या वाळूत पडलेल्या कोटाचे खिसे हुंगत होती.

"तुमचं अंतर किती मग?" शेवटी तिनं विचारलं.

"माहीत नाही. कधी बघितलंच नाही."

"शुक्रवारी सकाळी या," मृणालिनी म्हणाली. "पोतं आहेच. येताना घरून बशी घेऊन या."

"केवढी?"

"चहाचीच. परात आणू नका."