लिफ्ट उचलते काऊन अन् सोडते काऊन

माझ्या नातीचं, निवेदिताचं, लग्न झालं ते साल २०२२. मांडव निघाला आणि त्याच आठवड्यात उकंडरावांनी मला बोलावलं. आम्ही दोघे उंद्रीचे, एका वयाचे, शेताला शेत लागून. मी उमेदीत गॅरेजात राबलेला, म्हणून लोक अजून हाक मारतात.

"लिफ्ट गेली, शालिग्राम," ते म्हणाले. "रोटावेटर उचलत नाही. सून लीवर हिसकते, दुसरं काय! उद्यापासून ड्रायव्हर लावतो."

लिफ्ट म्हणजे रोटावेटरसारखं माती फोडणारं अवजार तेलाच्या दाबानं वर उचलणारी ट्रॅक्टरमागची यंत्रणा. सून अर्पिता ट्रॅक्टरच्या चाकाशेजारीच उभी होती. तिचा नवरा कुलदीप चिखलीला कारकून. तो जुना ट्रॅक्टर दोन वर्षं तीच चालवत होती आणि ती सीट तिला सोडायची नव्हती.

"काकाजी, मी हिसकत नाही," ती सासऱ्यांकडे पाहत मला म्हणाली. "मामाजींले म्हणा, पाहून तं घ्या एकदा."

मी रोटावेटर वर उचलून इंजिन बंद केलं. उचलताना तो रडतखडत गेला, पण गेला. मग आम्ही चहा घेतला, तंबाखू मळली. रोटावेटर होता तिथेच. आतलं सील गेलं असतं तर तो हळूहळू खाली टेकला असता. म्हणजे वजन धरून ठेवण्यात खोट नव्हती, उचलण्यात होती. तेलही पट्टीवर बरोबर होतं.

"पंप झिजला असन," मी म्हणालो. "असा पंप तेल तापलं की दम सोडते."

"तसंच होते," उकंडराव म्हणाले. "सकाळी उचलते, मंग कुंथते."

"पण काकाजी," अर्पिता म्हणाली, "इंजिन बंद करून भाकर खाऊन आलं की पुन्हा उचलते. तवा सीटखालचं तेलाचं धूड हात लावू देत नाही इतकं गरम असते. तेल गरमच, तं मंग उचलते काऊन?"

 प्रश्न असा होता की तो टाकून घरी जाववेना. बसल्या बसल्या विहिरीवरची मोटार आठवली. जाळीला पाला चिकटला की पाणी कमी येतं. मोटार बंद केली की पाला सुटतो, आणि पुन्हा चालू केल्यावर थोडा वेळ पाणी जोरात पडतं.

"पोरी, घमेलं आण. तेलाची जाळी काढू."

जाळी लगद्यानं भरली होती. लोखंडाचा कीस असता तर उन्हात चकाकला असता. हे मऊ, तांबूस. अर्पितानं थोडं डिझेलमध्ये धुतलं, तळहातावर चोळलं.

"हा तं मक्याचा भुसा! धामणगाव बढ्याले आमच्या बाबाच्या खळ्यात असाच उडते."

"ट्रॅक्टरच्या पोटात मका?" उकंडराव हसले. "पेरला कोणं?"

ती वर चढली. सीटमागची माती पुसली. तेल टाकायच्या तोंडाला झाकण नव्हतं. तिथे दाणे काढलेलं मक्याचं कणीस, चिंधी गुंडाळून, ठोकून बसवलेलं होतं. फवारणीच्या डब्याला आम्ही सगळेच असं बूच मारतो. तिनं ते उपटलं. खालचा अर्धा भाग गरम तेलात झिजून गेलेला.

उकंडरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"झाकण उन्हाळ्यात हरपलं. चिंधी तं मी घट्ट गुंडाळली होती बे."

"चिंधी शाबूत हाये," मी म्हणालो. "कणीस खाल्लं तुह्या ट्रॅक्टरनं."

अर्पितानं तोंडाला पदर लावला. मग हळूच विचारलं, "मामाजी, ड्रायव्हरले काय सांगू?"

"कोणता ड्रायव्हर?" त्यांनी खिशातली किल्ली तिच्या हातावर ठेवली. "पहिले झाकण आणाले सांग कुलदीपले."

जाळी धुऊन बसवली, नवं तेल भरलं. रोटावेटर एका दमात वर आला. त्या हंगामाचा हरभरा तिनंच पेरला, पुढच्या हंगामाचाही. उकंडराव बांधावर उभे राहून वाकडा तास, म्हणजे पेरणीची वाकडी ओळ, शोधत. सापडला की सगळ्या शिवाराला ऐकवत, नाही सापडला की गुमान घरी जात.

उकंडराव २०२४ च्या संक्रांतीनंतर, करीच्या दिवशी वारले.