‘दुसरी वाटी’ची एकुलती एक कॅसेट

मित्रांनो, मला जुनी म्हणा, घासलेली म्हणा, चालेल. फक्त ‘बिचारी’ म्हणू नका. डोकं फिरतं माझं. मी कॅसेट आहे. माझ्या पोटात आठ गाणी आहेत, चार या बाजूला, चार त्या बाजूला. आठही प्रेमाची, एकटेपणाची आणि काळीज मोडल्याची. म्हणून लोकांना वाटतं ही रडकी असणार. मी रडकी नाही. मी जिंकलेली कॅसेट आहे. कशी जिंकले ते ऐका.

माझा जन्म डोंगरातल्या नारिन शहरात, बंद पडलेल्या रेडिओ केंद्राच्या खोलीत झाला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मेंढ्यांची कातडी ठोकलेली. गाणारी होती सायरागुल. ती तीन तारांचा कोमुझ वाजवायची. एका कातड्याचा वास इतका उग्र होता की दोन गाण्यांच्या मध्ये ती शिंकायची. पाचव्या गाण्याच्या आधीची एक शिंक अजून माझ्यात आहे. हवी तर ऐका.

सायरागुलचं एर्मेकशी ठरलं होतं. तो रशियाला बांधकामावर गेला, सहा महिन्यांत येतो म्हणाला. दुसऱ्या वर्षी त्याचं पत्र आलं. चार ओळींचं. तिकडेच लग्न केलं म्हणून. मला राग लग्नाचा नाही, चार ओळींचा येतो. माणूस मेंढी विकताना यापेक्षा जास्त बोलतो!

त्याची वाट बघताना सायरागुलला एक सवय लागली होती. आमच्याकडे चहा वाटीतून पितात. तो ओतताना ती दोन वाट्या मांडायची. पत्र आल्यावरही हात ऐकेना. दुसरी वाटी आपोआप मांडली जायची आणि चहा तसाच गार व्हायचा. त्यावर तिनं पहिलं गाणं केलं, आणि माझं नाव पडलं ‘दुसरी वाटी’.

घोटाळा केला तिसऱ्या गाण्यानं. ते अकरा मिनिटांचं आहे आणि तिनं ते कोशोकच्या चालीत बांधलं. आमच्याकडे घरात कुणी मेलं की बायका तंबूत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्यासाठी गातात. तो कोशोक. पुरुष बाहेर काठीला रेलून उभे. लांबून येणारे घोडेस्वार तो आवाज कानावर पडला की तिथूनच मोठ्यानं रडत घोडे फेकत येतात. ही चाल जिवंत माणसासाठी कुणी लावत नाही, मोठा अपशकुन. सायरागुलनं लावली. सोळाव्या वर्षी आई गेली तेव्हा जशी गायली होती, तशीच गायली. एर्मेकचं नाव गाण्यात एकदाच घेतलं, अगदी शेवटी, पण असं घेतलं की गाणी भरून घेणारा रेडिओवाला खोलीबाहेर जाऊन उभा राहिला.

तिच्या वडिलांना, जोल्चू आबांना, हे कुणीतरी जाऊन सांगितलं. आबा तडक नारिनला.

“पोरी, घरची लाज बाजारात मांडलीस. वर जित्या माणसाचं रडगाणं?”

“आबा, एकदा ऐका तरी.”

“माझ्या दारात कोशोक वाजेल तो मी मेल्यावर. कळलं?”

गेले. चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर वर्षभर बापलेकीचं बोलणं बंद. उन्हाळ्यात सगळं गाव जनावरं घेऊन वर तळ्याकाठच्या कुरणावर राहायला जातं. त्या वर्षी सायरागुलला कुणी ‘चल’ म्हटलं नाही.

माझ्यावरून उतरवलेल्या एकोणीस कॅसेटी बाजारात कालिपाकाकूच्या टपरीवर ठेवल्या होत्या. काकूनं एक लावून बघितली.

“काय गं, नाचायचं एकही नाही?”

“नाही काकू.”

“मग घेणार कोण? रडायला लोकांना घरीच मिळतं, तेही फुकट.”

तीन महिन्यांत एक गेली नाही. मग काकूनं माझ्या एकोणीसच्या एकोणीस बहिणींवर लग्नात नाचायची गाणी भरली आणि त्या आठवड्याभरात खपवल्या. मी सायरागुलच्या ट्रंकेत होते म्हणून वाचले. आता ती आठ गाणी सगळ्या जगात फक्त माझ्या पोटात होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्यावर काय वेळ आली ते सांगणार आहे.

सायरागुलनं कोमुझ भिंतीकडे तोंड करून टांगला आणि मॉस्कोचं तिकीट काढलं. मला तिनं ओमुर्झाकच्या हातात ठेवलं. तो कुरणावर पीठ, साखर, चहा पोचवणारा गाडीवाला.

“घे ओमुर्झाकदादा. यावर तुला हवं ते भर.”

“आणि तू काय करणार?”

“पुढच्या महिन्यात मॉस्कोला. शिवणकामाला.”

“आणि गाणं?”

“ऐकतंय कोण?”

ओमुर्झाकनं माझ्यावर काहीच भरलं नाही. हा जाडा, हसरा माणूस. बायको प्रेमळ, पोरं गुणी, दुःख म्हणून औषधाला नाही. तरी घाट चढताना मला लावायचा आणि ढसाढसा रडायचा. शेजारी बसलेले विचारायचे, “अरे, तुला काय झालंय?” तर म्हणायचा, “मला काय माहीत! गप बसा, वळण आहे.”

आणि मग तो दिवस उजाडला.

ओमुर्झाकच्या गाडीचा स्टार्टर कधीचा मेलेला. म्हणून तो गाडी नेहमी उतारावर लावायचा आणि इंजिन चालूच ठेवायचा. त्या दुपारी त्यानं ती जोल्चू आबांच्या तंबूच्या वर लावली, दोन्ही दारं सताड उघडली आणि बादली घेऊन ओढ्यावर गेला. मला बंद करायचं विसरला. घाटात इंजिनच्या वर ऐकू यावं म्हणून आवाज पूर्ण चढवलेला. तिसरं गाणं सुरू झालं. वारा खाली कुरणाकडे होता. आबा कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पिऊन तंबूत ढाराढूर.

सगळ्यात आधी ऐकलं काचिके म्हाताऱ्यानं. त्याला वाटलं, हा तर सायरागुलचा आवाज, आईच्या वेळी ऐकलेला. पोरगी वर आलीय आणि कोशोक गातेय. म्हणजे? म्हणजे जोल्चू गेला!

झालं. काचिके घोड्यावर चढला आणि “हाय रे माझ्या जोल्चू, माझ्या डोंगरा!” करत सुटला. त्याचं ऐकून शेजारचे सुटले. दहा मिनिटांत पंचवीस-तीस घोडे आबांच्या दारात. अख्खं कुरण रडतंय!

आबा एका पायात बूट घालून बाहेर आले. रीत अशी की दाराशी उभ्या असलेल्या माणसाला मिठी मारायची. काचिकेच्या डोळ्यांतून धारा, त्याला दिसतंय काय? त्यानं आबांनाच मिठी मारली.

“हिंमत धर भाऊ. जोल्चूसारखा माणूस पुन्हा होणे नाही.”

“कोण जोल्चू?”

“अरे आपला जोल्चू! तापट होता, चिक्कू होता, पण मनानं सोनं.”

“चिक्कू कुणाला म्हणतोस रे, काचिक्या?”

काचिकेनं डोळे पुसले. मागे सरकला. पुन्हा पुसले.

“तू... मग पोरगी कुणासाठी गातेय?”

सगळ्यांच्या माना गाडीकडे वळल्या. आबांची पण. त्यांचा चेहरा जर्दाळूसारखा होता, तो बीट झाला. तरातरा चढावर आले, गाडीत वाकले आणि मला असं हिसकलं की माझी फीत आत अडकून ताणली गेली आणि तुटली. गाणं शेवटच्या ओळीवर होतं.

मित्रांनो, मी घाबरले. मी एकटी राहिले होते ना! मी गेले असते तर ती गाणी गेली असती, सायरागुल मॉस्कोला जाऊन आयुष्यभर बाह्या शिवत बसली असती, आणि असं काही होतं हे कुणाला कळलंही नसतं.

आबांनी मला दगडावर आपटायला हात वर केला. तो हात काचिकेनं धरला.

“जोल्चू, मेला असतास तर बरं झालं असतं!”

“सोड!”

“नाही सोडत. माझा सामात रशियाला गेला त्याला चार वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. मेला असता तर मी रडलो असतो, तुम्ही माझे खांदे धरले असतेत. जिवंत गेलेल्यासाठी आपल्यात रडायची रीतच नाही. काय करायचं माणसानं? आज पहिल्यांदा मोकळा झालो, तर तू ते तोडलंस. वाटलं होतं तुझ्यासाठी रडतोय. तुझ्यासाठी कशाला रडतोय मी!”

कुणी हसलं नाही. त्या तीस घोडेस्वारांत असा एक नव्हता ज्याचा मुलगा, भाऊ नाहीतर मुलगी तिकडे गेलेली नव्हती. मी सगळ्यांचे चेहरे बघितले, म्हणून सांगते.

तेवढ्यात ओमुर्झाक बादली घेऊन आला. एवढे घोडे बघून म्हणाला, “कुणी मेलं का?”

“अजून नाही,” आबा म्हणाले. “पण तुझा नंबर आहे.”

ओमुर्झाक चिडला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि गाडीतून पेन्सिल, कात्री, चिकटपट्टी काढली. माझा बोटभर तुकडा पार चुरगळला होता. तो कापून टाकला आणि त्या जागी तेवढीच चिकटपट्टी जोडली. पेन्सिल भोकात घालून फीत हळूहळू गुंडाळली. सगळे श्वास रोखून बघत होते. मागच्या बाजूच्या एका गाण्यात त्यानं झटका बसतो, पण चालतंय.

मला परत लावलं. तिसरं गाणं पुन्हा पहिल्यापासून. शेवटची ओळ आली आणि मध्येच आवाज गेला. जिथं एर्मेकचं नाव होतं, नेमका तोच तुकडा आबांनी तोडला होता!

त्या शांततेत काचिकेच्या तोंडून निघून गेलं, “सामात.”

“पुन्हा लाव,” मागून कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या वेळी तीन-चार नावं आली. तिसऱ्या वेळी तर सगळेच बोलले, आपापलं माणूस. चौथ्या वेळी आबा गाडीच्या पायरीवर बसले होते, अजून एकाच बुटात. जागा आली आणि ते पुटपुटले, “सायरागुल.”

मग ओमुर्झाककडे न बघता म्हणाले, “एर्मेक एकदाच सोडून गेला. मी दर महिन्याला नारिनच्या बाजाराला गेलो आणि तिच्या गल्लीतून मान खाली घालून पुढे आलो. कधी जाणारे ती मॉस्कोला?”

“शुक्रवारी.”

“मग उठ! गाडी काढ!”

“आबा, आधी दुसरा बूट घाला.”

नारिनला दार सायरागुलनंच उघडलं. बांधलेली बॅग तिच्या मागे दिसत होती.

“कुणी मेलंय का?” तिनं विचारलं.

“मीच. काल दुपारी. तीस जण रडून गेले.”

“आबा, चेष्टा पुरे. वर्षानं आलात ते चेष्टा करायला?”

“चेष्टा नाही गं. जित्या माणसावर रडलं तर मेंढी कापून सगळ्यांना जेवू घालावं लागतं, नाहीतर अपशकुन. मेंढी माझी. गाणं तुझं. येतेस का?”

“कुठलं गाणं?”

“तिसरंच. आणि मग बाकीची सात.”

ती आत गेली आणि दोन वाट्या मांडल्या. आबांनी दुसरी उचलली आणि गरम गरम पिऊन टाकली.

शुक्रवारची गाडी तिच्याशिवाय गेली.

कुरणावरच्या त्या जेवणाला पन्नास तंबूंतली माणसं आली. आबांनी सायरागुलला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, म्हाताऱ्यांच्याही वर. कोमुझ स्वतः तिच्या हातात दिला. ती गात गात शेवटच्या ओळीपर्यंत आली, आणि नाव घ्यायच्या आधी दोनशे माणसांनी आपापली नावं घेतली. ती दचकली. तिला कुठं माहीत होतं! मग तिनं एर्मेकचं नाव घेतलंच नाही. नुसती थांबली, लोकांचं होऊ दिलं आणि पुढे वाजवायला लागली. तंबूच्या आत पुरुष रडत होते, काठीला न रेलता, बायकांच्या शेजारी बसून. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

त्या हिवाळ्यात कालिपाकाकू ओमुर्झाकच्या मागे लागली. “दे रे बाबा ती कॅसेट, एक दिवस दे!” माझ्यावरून शंभर उतरल्या, मग हजार, मग कुणी मोजल्या नाहीत. सगळ्यांत ती बोटभर शांतता तशीच उतरली. रशियाला जाणारी पोरं खिशात घालून घेऊन गेली. तिकडच्या मजुरांच्या खोल्यांत मी वाजले, आणि तिकडे त्या जागी लोकांनी आईची नावं घेतली, गावांची घेतली. एर्मेकनंही कुठंतरी ऐकलं असेल. ऐकू दे. त्याचं नाव त्यात नाही.

दोन वर्षांनी राजधानीत, बिश्केकच्या मोठ्या सभागृहात सायरागुल उभी राहिली. तीन हजार माणसं. मी ओमुर्झाकच्या कोटाच्या खिशात होते. शेवटच्या ओळीला तीन हजार नावं एकदम उठली आणि छताला जाऊन भिडली. अंगावर काटा येतो म्हणतात ना, माझी फीत शहारली. पहिल्या रांगेत जोल्चू आबा होते, दोन्ही बूट चकचकीत. शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून म्हणाले, “मधली ती शांतता आहे ना, ती माझी.”

आता माझं वय झालंय. खरखर वाढलीय, पण वाजते. तर मित्रांनो, दोनच गोष्टी सांगते. माझ्यासारखी कुणी हातात आली तर उन्हात टाकू नका. फीत बाहेर आली तर ओढू नका, पेन्सिल घ्या आणि सावकाश गुंडाळा. आणि घरात कुणी आपल्या दुःखाचं गाणं म्हणत असेल तर ‘लोक काय म्हणतील’ म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. दारं उघडा, आवाज पूर्ण चढवा. लोकांना येऊ द्या. ते घोडे फेकत येतात, मी बघितलंय!