आईच्या फोनवर मी मंद

“काका, फोन बदलला की मेंदूही बदलतो का?”

भर सभागृहात, माईक हातात धरून, मी हा प्रश्न विचारला. भोंगा आणि पट्टी या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती की विचारून दाखव, सहामाहीपर्यंत तुझ्या वाटणीचा फळा आम्ही पुसू. फळा पुसण्याचं मला काही नाही. पण “तुझी हिंमतच होणार नाही” असं कुणी म्हटलं की माझे पाय मला न विचारता चालायला लागतात.

व्यासपीठावर टायवाले काका उभे होते. त्यांच्या कंपनीने मुलांची कुवत मोजणारं ॲप काढलं होतं. फोनच्या पडद्यावर एक ठिपका उमटायचा, आपण त्याच्याकडे बघायचं, लगेच दुसरीकडे दुसरा ठिपका. आपले डोळे किती पटकन वळतात ते फोनचा कॅमेरा टिपायचा आणि शेवटी एक रंगीत अहवाल यायचा. कुणी कोणते विषय घ्यावेत ते त्यात सांगितलेलं असायचं. शाळेने सगळ्यांना ही परीक्षा घरून द्यायला लावली होती. माझ्याकडे स्वतःचा फोन नाही, म्हणून मी ती आईच्या जुन्या फोनवर दिली.

माझा अहवाल असा होता: “विद्यार्थिनी संथ व शांत प्रकृतीची आहे. घाईच्या कामांपासून दूर ठेवावे. योग्य क्षेत्रे: ग्रंथालय, वस्तुसंग्रहालय, बागकाम.”

आता, बडबड थांबावी म्हणून मला वर्गाच्या चारही कोपऱ्यांत बसवून झालंय. आमच्या बाईंनी तो अहवाल वाचला, वरचं नाव पुन्हा तपासलं, आणि “शांत?” एवढंच म्हणून खुर्चीत बसल्या.

घरी त्याहून मोठा गोंधळ. माझी आई ग्रंथपाल आहे.

“म्हणजे काय?” ती कडाडली. “ग्रंथालयात संथ माणसं चालतात होय? परीक्षेच्या आठवड्यात येऊन दाखवा म्हणावं!”

“अगं, पण छापून आलंय,” बाबा म्हणाले. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. मशीनमधून बाहेर आलेल्या कागदावर त्यांची भारी श्रद्धा.

“बाबा, तुमचं मशीनही नंबर छापून देतं. तरी तुम्ही गिऱ्हाइकाला विचारताच ना, ही काच बरी की ती?”

“गिऱ्हाईक खरं बोलतं. तुला विचारलं तर तू काय सांगशील ते मला माहीत आहे.”

ते सगळ्या घरालाच माहीत होतं. मला इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं होतं. घरातली दारावरची घंटा, आईचा हेअर ड्रायर आणि शेजारच्या आजोबांचं श्रवणयंत्र मी उघडून पुन्हा चालू केलंय. (श्रवणयंत्राबद्दल आजोबांचं मत थोडं वेगळं आहे.) पुढच्या वर्षीचे विषय शुक्रवारी लिहून द्यायचे होते, खाली पालकांची सही. आणि बाबा सही करायला तयार नव्हते.

“घाईच्या कामांपासून दूर ठेवावे, स्वच्छ लिहिलंय. इलेक्ट्रॉनिक्समध्ये वीज असते. वीज काय थांबते का तुझ्यासाठी?”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हीच परीक्षा भोंगाच्या नव्याकोऱ्या फोनवर दिली. अहवाल आला: “अतिचपळ. वैमानिक, शल्यविशारद.” मग भोंगाने आईच्या फोनवर दिली. भोंगा, जिच्या हाकेने पलीकडच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात, ती संथ व शांत. पट्टीही तशीच. भोंगाच्या फोनवर आम्ही तिघी वैमानिक, आईच्या फोनवर तिघी बागकाम. म्हणून तो प्रश्न.

टायवाले काका हसले. मोठी माणसं उत्तर नसलं की हसतात तसं.

“बाळ, आमचं ॲप शास्त्रशुद्ध आहे. कधीकधी काय होतं, मुलांचं लक्ष नसतं.”

“तिघींचं लक्ष एकाच फोनवर हरवतं आणि दुसऱ्या फोनवर सापडतं?”

सभागृहात हशा फुटला. मुख्याध्यापिका “खाली बस” म्हणाल्या. मी बसतच होते, तेवढ्यात व्यासपीठाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसलेली एक ताई उठली.

“थांब. फोन आहे तुझ्याकडे?”

होता ना. “शाळेत लागतो” म्हणून आईकडून मागून आणला होता, आणि बघा, लागला.

ताईने मला शिक्षकांच्या खोलीत नेलं. ते ॲप तिनेच लिहिलं होतं. तिने फोनला केबल लावली, लॅपटॉपवर बारीक अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या.

“अगदी पहिल्यांदा उघडलंस तेव्हा काय झालं?”

“मेलं. उघडलं आणि गप्पकन बंद. दुसऱ्यांदा नीट उघडलं.”

तिचा हात थांबला. “मग कळवलं का नाहीस?”

“मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. शाळेत तेवढी सवय लागते.”

ती खुदकन हसली, आणि मग हसायची थांबली. पुन्हा ओळी चाळल्या, कपाळावर हात मारला आणि मला जवळ बसवून सांगायला लागली. मला समजलं ते असं.

फोनच्या चिपमध्ये एकच कामगार नसतो, घरभर असतात. त्यांना कोअर म्हणतात. काही दांडगे, भराभर काम उरकणारे आणि बॅटरी खाणारे. बाकीचे छोटे, काटकसरी. कॅमेऱ्याच्या चित्रात डोळा शोधायचा म्हणजे प्रचंड गुणाकार, आणि नव्या कामगारांना एका दमात कितीतरी गुणाकार करायची युक्ती येते. सगळ्यांना येत नाही. म्हणून ॲप सुरू होताना आधी विचारतं, ही युक्ती येते का? येत असेल तर वेगवान रस्ता, नसेल तर हळू रस्ता.

“हे तर शहाणपणाचं आहे,” मी म्हटलं.

“आहेच. फक्त मी एकालाच विचारलं. त्या क्षणी जो जागा असेल त्याला. तुझ्या आईच्या फोनमध्ये तो निघाला दांडगा. तो म्हणाला, येते की! मी काम सुरू केलं. मग फोनने बॅटरी वाचवायला ते काम गुपचूप छोट्याकडे सरकवलं.”

“आणि छोट्याला येत नाही.”

“सहसा एका फोनमधल्या सगळ्यांना सारखंच येतं, म्हणून मी गृहीत धरलं. या फोनमधल्या छोट्याने ती युक्ती ऐकलेलीही नाही. आणि येत नाही असं म्हणायची त्याला सोय नसते. समोर अनोळखी काम आलं की ॲप जागच्या जागी मरतं.”

मला हे इतकं ओळखीचं वाटलं की मी ओरडलेच. “आमच्याकडे असंच होतं! पाहुण्यांनी विचारलं, मुलांना पोहता येतं ना? दादा म्हणाला हो. आणि ढकललं मला!”

“मग?”

“मग काय, मेले नाही एवढंच.”

“ॲप मेलं,” ताई म्हणाली. “आणि मेलेल्या ॲपसाठी मी एक मलमपट्टी करून ठेवली होती. एकदा मेलं की तो फोन कच्चा समजायचा आणि यापुढे कायम हळू रस्ता. हळू रस्त्यावर एकेक चित्र तपासायला वेळ लागतो. तुझं ठिपक्याकडे कधीच बघून झालेलं असतं, फोनला ते उशिरा कळतं.”

“आणि तो उशीर…”

“तुझ्या नावावर.”

इतक्यात टायवाले काका आत आले. “आटपलं का? आपल्याला दुपारी दुसऱ्या शाळेत जायचंय.”

“सर, आपण मुलांना उगाच मंद ठरवलंय.”

“सगळ्यांना नाही,” काका घाईने म्हणाले. “जुन्या फोनवाल्यांनाच ना फक्त?”

काकांना आपलंच वाक्य बहुतेक जरा उशिरा ऐकू आलं. तेही हळू रस्त्यावर असावेत.

“पण आलेखात तो गट वेगळा उठून दिसायचा,” ते टाय सैल करत म्हणाले. “म्हणून तर आपण त्याला ‘संथ प्रकृती’ नाव दिलं. त्याच्यावर माझं स्वतंत्र भाषण आहे, चित्रांसकट.”

“ते आज नका देऊ,” ताई म्हणाली.

मग तिने तिथेच, चहाचे कप बाजूला सारून, दुरुस्ती केली. आता ॲप प्रत्येक कामगाराला वेगळं विचारणार आणि सगळ्यांना जे येतं तेवढंच धरून चालणार. आणि मुलाची परीक्षा घ्यायच्या आधी फोनचीच परीक्षा घेणार, म्हणजे फोनचा उशीर मुलाच्या वेळातून वजा होईल. काका दाराशी उभे राहून घड्याळाकडे बघत होते. बाकी शाळांतले जुने अहवाल रद्द करून पुन्हा काढावे लागतील हे ताईने त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “बघू.” ताई म्हणाली, “बघू नाही, सर. मी आजच शाळांना कळवतेय.” आणि त्यांच्या देखत कळवायला बसली. मला ती तेव्हा फार आवडली.

आईच्या फोनवर मी पुन्हा परीक्षा दिली. “अतिचपळ. वैमानिक, शल्यविशारद.” भोंगा आणि पट्टी दारातून डोकावत होत्या. भोंगाने इतक्या जोरात “येस्स!” केलं की कुठल्याही ॲपने तिला शांत म्हणायची पुन्हा छाती करू नये.

मी घरी अक्षरशः तरंगत गेले. वाटलं, संपलं सगळं. मंद नाही हे सिद्ध झालं, आता बाबा सही करतील आणि मी इलेक्ट्रॉनिक्सला.

बाबांनी नवा अहवाल चष्मा पुसून वाचला. पुन्हा वाचला. मग सरळ आत्याला फोन लावला.

“अगं, आपली पोरगी सर्जन होणार! नाही नाही, तो आधीचा चुकीचा होता, हा बरोबर आहे. मी म्हणतच होतो!”

“अहो, परवा तुम्ही म्हणत होता की तिला विजेपासून लांब ठेवा,” आई जेवणाची ताटं मांडत म्हणाली.

“तो फोनचा दोष होता. आता स्वच्छ लिहिलंय, शल्यविशारद. जीवशास्त्र घे बाळा, पेन आण, आत्ता सही करतो.”

अहवाल चुकीचा होता तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स नाही, कारण मी संथ. अहवाल बरोबर आला तेव्हाही इलेक्ट्रॉनिक्स नाही, कारण मी चपळ. एवढी दुरुस्ती झाली ती कुणासाठी झाली म्हणे?

“बाबा, मला इलेक्ट्रॉनिक्स हवंय.”

“इतके चपळ हात वायरींत घालवायचे?”

“ॲपने माझे हात बघितलेच नाहीत! डोळे बघितले. मी ठिपक्याकडे पटकन बघते, एवढंच त्यात सिद्ध झालंय. पटकन तर मांजरही बघतं.”

आईला हसू आलं, ते तिने भांड्यांच्या आवाजात लपवलं. बाबांना आलं नाही.

“मग काय, आता आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?” ते म्हणाले. खरंच विचारत होते. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी काळजी ऐकू आली, आणि माझा रागही जरा खाली बसला. पण मी काही बसले नाही. उभीच राहिले.

“मी इलेक्ट्रॉनिक्स घेणार आहे,” मी सांगितलं. “मला ते जमेल की नाही हे अजून मला माहीत नाही, तुम्हाला नाही आणि त्या ॲपलाही नाही. वर्षभर करून बघते. नाही जमलं तर मीच येऊन सांगेन, तुम्हाला कुठे शोधत बसायला नको. ” मग मी आईकडे वळले. “सही तुम्हा दोघांपैकी कुणाचीही चालेल, पण कागदावर इलेक्ट्रॉनिक्सच लिहितेय, आई, आणि तेही खोडता न येणाऱ्या पेनाने.”